उरलेल्या रंगाची फुलं

मोहन, तुझ्या शेवटच्या चित्रात फुलं भरायचं काम उषावहिनींनी माझ्यावर टाकलं आहे. तुला जाऊन अकरा दिवस झाले होते, तेव्हा त्यांचा फोन आला. "शैलाताई, यांचं एक चित्र राहिलंय. बाकी सगळं झालंय, फुलाचं तेवढं राहिलंय. तुम्हीच भरा. दुसऱ्या कुणाला सांगू?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

वहिनींना वाटतं तितकं हे सोपं नाही, आणि का सोपं नाही ते तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो. चित्रातल्या फुलाला काही अर्थ असतो की नसतो? तुझं खरं मानलं तर त्या जागी कुणीही कुठलाही रंग लावावा, काही बिघडत नाही. माझं खरं मानलं तर ती फुलं कुठली हे फक्त तुला माहीत होतं, आणि मी ब्रशला हात लावता कामा नये. एकंदरीत जाता जाताही तू मला पेचात पकडलंस. शाळेत तास संपल्याची घंटा झाल्यावर प्रश्न विचारायची तुझी खोड होती, ती शेवटपर्यंत गेली नाही.

हे सगळं सुरू झालं त्या पुस्तकापासून. आपण ड्रॉइंग टीचरचा कोर्स करत होतो आणि तू गिरगावातल्या एका रद्दीवाल्याकडून दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्ट, चित्रकारांचं पुस्तक उचलून आणलंस. तो शब्द आपल्याला परीक्षेपुरता पाठ होता, चित्र मात्र एकही पाहिलेलं नव्हतं. पुस्तकात फ्रान्समधली शेतं होती, तळी होती, बागा होत्या, आणि जिकडेतिकडे फुलं. एका शेतातली लाल फुलं तर देठांपासून सुटून बोटभर वर तरंगत होती. तू वेडा झालास. "बघ शैला, फूल झाडाचं राहिलंच नाही, उजेडाचं झालं," असं तू प्रत्येकाला गाठून सांगत होतास. पुढे वर्षभर तुझ्या चित्रांत देठ एकीकडे आणि फुलं दुसरीकडे. सरांनी तुला डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं.

मग एकदा तेच चित्र दुसऱ्या एका चांगल्या पुस्तकात सापडलं, तर सगळी फुलं शहाण्यासारखी आपापल्या देठावर बसलेली. तुझ्या पुस्तकात छापताना लाल रंग सरकला होता, एवढंच. मी हसून हसून बाकावरून पडायची बाकी राहिले. तू जरासुद्धा खजील झाला नाहीस. म्हणालास, "छापखान्याची चूक आहे, पण चूक बरोबर आहे." आणि त्यानंतरही फुलं तशीच काढत राहिलास, देठापासून जरा सुटलेली. तुझ्या चित्राखाली सही नसली तरी मी तेवढ्यावरून ओळखायची.

तुझं म्हणणं मला आता तोंडपाठ आहे. आधीच्या चित्रकारांनी फुलांना कामाला जुंपलं होतं. लिली म्हणजे पावित्र्य, गुलाब म्हणजे प्रेम, फुलदाणीत वाकलेलं फूल म्हणजे आयुष्य क्षणभंगुर. या लोकांनी फुलांना त्या नोकरीतून सोडवलं. ते उन्हात जाऊन उभे राहिले, डोळे बारीक केले, आणि दिसला तो लाल ठिपका लावला. म्हणून तूही फुलं सगळ्यात शेवटी काढायचास, पॅलेटवर उरलेल्या रंगातून. आधी उजेड, मग पाणी, मग माणसं, आणि जे काही उरेल त्याची फुलं. दर रविवारी आपण चित्रं काढायला जायचो त्या मच्छीमार नगरला, सुकत घातलेल्या बोंबलांच्या मधोमध तू शेंदरी ठिपके टाकलेस, तेव्हा एक मावशी पाटी डोक्यावर घेऊनच थांबली. "मास्तर, इथं कुठं फुलं दिसली तुम्हाला? सगळे बोंबील तर हायत." तू तिला हसून म्हणालास, "रंग उरला होता, मावशी." ती मान हलवत गेली. तिला ते पटलं, मला कधी पटलं नाही.

मी म्हणायची, डोळे बारीक केले म्हणून डोक्यातलं सगळं पुसलं जातं का? त्यांनी बागेत शेवंती रंगवली, आणि त्यांच्याकडे शेवंती थडग्यांवर नेतात, हे तूच मला त्या पुस्तकातून वाचून दाखवलंस. आपल्या शाळेतल्या डिसूझा मिस नोव्हेंबरात आईच्या कबरीवर शेवंतीच न्यायच्या. आमच्या लालबागच्या घरात मात्र शेवंतीशिवाय गौर उभी राहत नाही. मग तो फ्रेंच माणूस शेवंतीसमोर बसला तेव्हा त्याला त्याचं कुणी गेलेलं आठवलं नसेल कशावरून? त्या लाल फुलांच्या शेतातून चालणाऱ्या बायका उन्हात झोपेत असल्यासारख्या दिसतात, आणि ते फूल त्यांच्याकडे झोपेचं मानतात. हा सगळा योगायोग? तू म्हणायचास, "योगायोग." मग चहा यायचा.

शाळेच्या जिन्याचं प्रकरण आठवून मला परवा, तुझ्याकडे सगळे तोंडं पाडून बसलेले असताना, हसू आलं. आपल्या परळच्या शाळेत मुख्याध्यापकांनी जिन्याची भिंत तुला रंगवायला दिली. तू हौसेने तेच शेत काढलंस, पहिल्या पायरीपासून वरच्या मजल्यापर्यंत लालच लाल. पालकसभेच्या दिवशी एका पालकांनी विचारलं, "हे फूल कुठलं?" तू भोळेपणाने उत्तर दिलंस, "खसखशीच्या जातीचं." झालं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक तुझ्यासमोर हात जोडून उभे. "मोहनराव, अहो मुलांच्या शाळेत अफूची शेती? वर कळलं तर माझी पेन्शन जाईल." ही शेतातली साधी लाल जात, अफूची वेगळी, असं तू परोपरीने सांगितलंस. फुलांना अर्थ नसतो म्हणणारा माणूस कुठल्या फुलातून अफू निघते त्याचं व्याख्यान देत होता, आणि मी स्टाफरूमच्या दारात उभी राहून ऐकत होते.

शेवटी रविवारी सकाळी आपण दोघांनी जाऊन त्या सगळ्या लाल ठिपक्यांवर केशरी चढवला आणि शेत झेंडूचं केलं. सोमवारी सगळे खूश. तू मला विजयी मुद्रेने म्हणालास, "ठिपका तोच, जागा तीच, फक्त नाव बदललं. आता सांग, अर्थ कुठे होता?" मी म्हणाले, "नाव बदललं तशी माणसांची तोंडं बदलली, अर्थ तिथे होता." तिथेच जिन्यावर बसून आपण तासभर वाद घातला. खालच्या पायरीवर शिपाई कुलूप लावण्यासाठी आपली वाट बघत बसला होता. इतकं चांगलं भांडण मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केलं नाही. माझ्या नवऱ्याशी, अनंतशीसुद्धा नाही.

पण एक भांडण चांगलं नव्हतं. त्याच्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते.

अनंतला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. गौरी आल्या. लग्न होऊन आले त्या वर्षापासून आमच्या घरची गौर मी सजवत आले, चित्रकार सून म्हणून तो माझा मानच होता. शेवंतीची वेणी मी गुंफायची, मुखवट्यामागे मी माळायची. त्या वर्षी सकाळी आंघोळ करून मी नेहमीसारखी परडीपाशी बसले. माझ्या चुलतसासूबाई आल्या, परडी हलकेच उचलली आणि म्हणाल्या, "शैला, तू बाजूक बस गो थोडा येळ." अगदी मायेने म्हणाल्या. घरात कुणी वाईट नव्हतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, सगळ्यांना फूल दिलं, आणि माझ्यापाशी येऊन तबक पुढे सरकलं. मी आत जाऊन भांडी लावत बसले.

त्या रविवारी मच्छीमार नगरला धक्क्यावर आपण स्टूल टाकून बसलो होतो. मी तुला हे सगळं सांगितलं. माझ्या घरच्यांना नाही, बहिणीला नाही, तुला सांगितलं. तू ऐकलंस, चित्रावरून हात न काढता. आणि म्हणालास, "फूल म्हणजे काही नसतं गं शैला. ठिपका असतो रंगाचा. अर्थ लोक चिकटवतात. तू ठिपका म्हणून बघ."

मी ब्रश पुसले, ईझल मिटलं आणि बस पकडली. तू हाका मारत होतास, मी वळून पाहिलं नाही. चार महिने तुझ्याशी बोलले नाही. मला वाटलं, याच्यापासून कधी कुणी फूल काढून घेतलेलं नाही, याला बोलायला काय जातं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू मला चित्रकला शिकवत होतास. मग एक दिवस तुझा फोन आला, "तुझ्याकडे कोबाल्ट ब्लूची ट्यूब आहे का?" मी म्हणाले, "आहे." तू घरी येऊन ती घेऊन गेलास आणि रविवार पुन्हा सुरू झाले. तुझ्या कपाटात त्या रंगाच्या तीन ट्यूबा पडलेल्या असतात हे मला माहीत होतं.

त्यानंतर अकरा वर्षं आपण फ्रेंच फुलांवर भांडलो. आता वाटतं, भांडण त्या फुलांचं नव्हतंच.

तुला न्यायच्या दिवशी मी खोलीच्या कोपऱ्यात उभी होते. लोक येत होते, फुलं वाहत होते. गुलाब, निशिगंध, झेंडू. तुझा चेहरा सोडून काही दिसेना इतकी फुलं झाली. मी तू शिकवलंस तसे डोळे बारीक केले. खरंच, पांढरे आणि केशरी ठिपके दिसले, त्यांवर खिडकीतला उजेड, आणि दुसरं काही नाही. एक क्षणभर फार बरं वाटलं. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की तू धक्क्यावर मला काय देऊ पाहत होतास. तुझ्याकडे दुःखावर तेवढंच एक औषध होतं आणि तू ते मला दिलंस. मग मी डोळे उघडले आणि तिथे तूच होतास. मला रडू आवरेना. औषध चांगलं आहे, मोहन, पण त्याचा असर टिकत नाही.

तर काल दुपारी मी प्रभादेवीला तुझ्या घरी गेले. वहिनींनी गॅलरीचं दार उघडून दिलं. तुझं ईझल तसंच, खुर्चीवर तुझा रंगांनी बरबटलेला शर्ट तसाच. चित्र मच्छीमार नगरचं होतं. सकाळची वेळ, पाणी चंदेरी, होड्या एकमेकींना टेकलेल्या, बांबूवर बोंबील. तुझ्या हातात अजून किती जोर होता ते बघून मला तुझा हेवा वाटला. मी फुलांची जागा शोधू लागले. बोंबलांमध्ये तुझे शेंदरी ठिपके होते. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पिवळे होते. देठापासून सुटलेले, तुझ्या पद्धतीचे. सगळं भरलेलं होतं.

"वहिनी, फुलं तर झालीत की," मी म्हणाले.

"तिथे बघा," त्या म्हणाल्या.

डाव्या कोपऱ्यात एक बाई पाठमोरी स्टुलावर बसून चित्र काढत होती. पाच-सहा फटकाऱ्यांतच काढलेली, पण माझी पाठ मी ओळखली. जरा डावीकडे कललेली, मास्तरकी करून वाकलेली. अंबाडा काळपट जांभळ्या रंगाचा. आणि त्या अंबाड्यात नखाएवढी जागा कोरी, नुसता कॅनव्हास.

मी म्हणाले, "राहून गेलं असेल."

"राहून नाही गेलं. होळीच्या आधीपासून ते असंच आहे. मी विचारलं, एवढंसं काय सोडलंय? तर म्हणाले, तिथे फूल आहे. कुठलं ते शैलाला विचारून लावायचंय." वहिनी शर्टाच्या बाहीची घडी घालत होत्या. "मी म्हटलं, मग फोन करा ना. तर म्हणाले, मागे एकदा न विचारता बोललो तेव्हा ती उठून गेली होती. या वेळी नीट विचारीन."

मी तुझ्या खुर्चीवर बसले. मोहन, तू इतक्या महिन्यांपूर्वी भांडण हरला होतास आणि मला सांगितलं नाहीस. दर रविवारी माझ्याशेजारी बसून "योगायोग, योगायोग" करत होतास. लबाड माणसा. एकदा विचारलं असतंस तर मी उठून गेले नसते. कदाचित रागावले असते, कदाचित तिथेच बसून रडले असते, पण उत्तर दिलं असतं. आणि मीही तुला त्या चार महिन्यांबद्दल सांगायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, तू बोललास ते मला लागलं, पण सांगावंसं वाटलं ते फक्त तुलाच. इतकं साधं वाक्य मला अकरा वर्षांत जमलं नाही, आणि आता कागदावर लिहितेय.

तुझ्या पॅलेटवरच्या रंगांनी वरून दुधासारखी साय धरली होती. सुरीने टोचलं तर आत अजून ओले होते. त्यातलाच शेंदरी घेतला, त्यात पांढरा, मग गुलाबीचा अगदी थेंब. पहिल्यांदा फार भडक झाला. दुसऱ्यांदा फिका. तिसऱ्यांदा हवा तसा जमला. मी तो लावला. पुसला नाही आणि दुसऱ्यांदा ब्रशही फिरवला नाही. अकरा वर्षांत माझ्या केसांत पहिलं फूल, आणि तेही तुझ्या चित्रात.

"कुठलं ते?" वहिनींनी विचारलं.

"अबोली."

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. बराच वेळ बघत राहिल्या. बघता बघता त्यांचा हात आपोआप मानेमागे गेला, रोज जिथे गजरा असायचा तिथे, आणि काही नाही म्हणून परत खाली आला. मी पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्या ओशाळल्यासारख्या हसल्या. म्हणाल्या, "सवय आहे हो. जाईल हळूहळू."

माझ्या ओठांवर तुझंच वाक्य आलं होतं. वहिनी, फूल म्हणजे काही नसतं, ठिपका असतो. पण ते मी बोलले नाही. जे तू मला विचारायचं ठेवलं होतंस, तेच मी त्यांना विचारलं.

"वहिनी, तुम्हाला कुठलं आवडतं?"

आधी मोगरा म्हणाल्या, मग म्हणाल्या, नाही. मग दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना अशा नजरेने.

"सोनचाफा," त्या म्हणाल्या. "पण यांचं डोकं चढायचं त्याच्या वासाने. घरात आणू द्यायचे नाहीत. अडतीस वर्षं झाली, मी घातलाच नाही."

मोहन, मी आज सकाळी त्यांना सोनचाफा नेऊन दिला. त्यांनी तो माझ्याकडून माळून घेतला, आरशात पाहिलं, आणि गॅलरीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. तिथे तुझ्या रंगांमध्ये आता तो वास भरून राहिला आहे, आणि तुला त्याची तक्रार करता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं आहे.